विश्लेषण: पहिला गुन्हा अवघड, पुढचे सोपे का होतात? ‘मॅक्बेथ’, ‘मक्बूल’ आणि ‘घाशीराम’ काय सांगतात?

नाटक सुरू होतं तेव्हा मॅक्बेथ हिरो असतो. स्कॉटलंडचा राजा डंकन याच्याकडे रणांगणावरून बातमी येते, ती मॅक्बेथच्या शौर्याची. बंडखोरांना त्याने धूळ चारलेली असते. राजा खूश होऊन त्याला नवी सरदारकी देतो आणि त्याच्याच किल्ल्यावर मुक्कामाला येतो. त्या रात्री मॅक्बेथ झोपलेल्या राजाचा खून करतो.

नाटक संपेपर्यंत या शूर सरदाराच्या हुकमाने एका बाईचा आणि तिच्या लहान मुलांचाही जीव गेलेला असतो.

शेक्सपिअरने हे नाटक साधारण १६०६ च्या सुमारास लिहिलं. अकिरा कुरोसावा यांनी ते जपानी पडद्यावर नेलं, विशाल भारद्वाज यांनी मुंबईच्या अंडरवर्ल्डमध्ये आणलं आणि वि. वा. शिरवाडकर यांनी ‘राजमुकुट’ या नावाने मराठी रंगभूमीवर. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणी ही गोष्ट चालते, कारण तिच्यातला प्रश्न सगळीकडे सारखाच आहे. बरा माणूस महत्त्वाकांक्षेपायी नेमका कुठे घसरतो? एकाच क्षणी, की पायरी पायरीने?

गोष्ट थोडक्यात काय आहे?

लढाईवरून परतताना मॅक्बेथ आणि त्याचा मित्र बँको यांना तीन चेटकिणी भेटतात. तू मोठा सरदार होशील आणि पुढे राजा होशील, असं त्या मॅक्बेथला सांगतात. बँकोला सांगतात, तू राजा होणार नाहीस, पण तुझे वंशज होतील. काही वेळातच मॅक्बेथला सरदारकी मिळाल्याचा निरोप येतो. पहिलं भाकीत खरं ठरतं, मग दुसरं का ठरू नये?

पण थोड्याच वेळात राजा आपल्या मुलाला, माल्कमला, वारस जाहीर करतो. म्हणजे सरळ रस्ता बंद. घरी मॅक्बेथची बायको पत्र वाचून तयारच बसलेली असते. राजा पाहुणा म्हणून येतो आणि पुढचं सगळं घडतं.

महत्त्वाकांक्षा असणं हाच गुन्हा आहे का?

नाही, आणि याचा पुरावा नाटकातच आहे. त्याचं नाव बँको.

चेटकिणींचं बोलणं दोघांनी एकत्रच ऐकलं. दोघांनाही मोठं आमिष मिळालं. बँको मात्र कुणाचा खून करत नाही. मोठं व्हावंसं वाटणं आणि त्यासाठी दुसऱ्याचा जीव घेणं यांच्यामध्ये बरंच अंतर आहे. ते अंतर कापायचं की नाही, हे माणूस स्वतः ठरवतो. चेटकिणी मॅक्बेथला राजा होशील एवढंच सांगतात. खून कर, असं त्या एकदाही म्हणत नाहीत.

अर्थात, शेक्सपिअर बँकोलाही साधुपुरुष करून सोडत नाही. डंकन मारला गेल्यावर बँकोला मॅक्बेथचा संशय येतो. तरी तो कुठे तोंड उघडत नाही. मॅक्बेथबद्दलचं भाकीत खरं ठरलं, तर माझ्या मुलाबाळांबद्दलचंही ठरेल, असा विचार त्याच्या मनात चाललेला असतो. त्याने गुन्हा केला नाही, पण गप्प राहण्यात त्याचा फायदा होता. ऑफिसात, सोसायटीत, राजकारणात असे बँको आपल्याला मॅक्बेथपेक्षा कितीतरी जास्त भेटतात.

चार गुन्हे, चार कारणं

मॅक्बेथने केलेले आणि करवलेले खून क्रमाने मांडले, तर घसरण कशी होते ते स्पष्ट दिसतं.

१. राजा डंकन. कारण: सिंहासन. हा खून करण्याआधी मॅक्बेथ प्रचंड विचार करतो. हा माझा नातेवाईक, माझा राजा, माझ्या घरचा पाहुणा. शिवाय माणूस भला आहे. खून करू नये याची सगळी कारणं त्याच्याकडे तयार असतात. आता पुढे जायचं नाही, असं तो बायकोला सांगूनही टाकतो. ती त्याची मर्दानगी काढते, तेव्हा तो पुन्हा तयार होतो. खुनानंतर त्याची अवस्था इतकी वाईट होते, की खंजीर जागेवर ठेवायचं विसरून तो ते हातात घेऊनच बाहेर येतो.

२. राजाचे दोन पहारेकरी. कारण: पुरावा. खुनाचा आळ त्यांच्यावर यावा, अशी योजना असते. सकाळी आरडाओरडा होतो तेव्हा मॅक्बेथ दोघांना ठार करतो आणि रागाच्या भरात हे झालं असं सांगतो. मूळ बेतात हे खून नव्हते. गोष्ट सांगताना आपणही या दोघांना बहुतेक वेळा विसरतो.

३. बँको. कारण: भीती. आता मॅक्बेथ राजा आहे, पण भाकीत बँकोच्या वंशाच्या बाजूने आहे. तो मारेकरी पाठवतो. बँको मरतो, त्याचा मुलगा फ्लीअन्स निसटतो. या वेळी खून करावा की नाही, अशी चलबिचल नाही. बायकोलाही तो आधी काही सांगत नाही.

४. मॅक्डफची बायको आणि मुलं. कारण: जवळपास काहीच नाही. मॅक्डफ हा विरोधात गेलेला सरदार तोपर्यंत इंग्लंडला पोहोचलेला असतो. त्याच्या कुटुंबाला मारून मॅक्बेथला ना राज्य मिळणार असतं, ना सुरक्षितता. पण यापुढे मनात येईल ते लगेच करून मोकळं व्हायचं, असं त्याने ठरवलेलं असतं.

ही यादी वरून खाली वाचली, की दोन गोष्टी कमी कमी होत गेलेल्या दिसतात. गुन्ह्यातून होणारा फायदा आणि गुन्ह्याआधी केलेला विचार. डंकनसाठी बराच वेळ चाललेली घालमेल मॅक्डफच्या मुलांसाठी क्षणभरही होत नाही. महत्त्वाकांक्षा म्हणावी, असं कारण फक्त पहिल्या खुनामागे होतं. दुसरा आणि तिसरा पहिला सांभाळण्यासाठी झाला. चौथ्याला तेवढंही निमित्त लागलं नाही.

मग पुढचे गुन्हे सोपे का होतात?

मेकॅनिकलच्या अभ्यासक्रमात ‘फटीग’ म्हणून एक प्रकरण असतं. धातूचा भाग एका फटक्यात तुटेल एवढा भार त्याच्यावर कधीच आलेला नसतो, तरी तो एक दिवस तुटतो. कारण कुठेतरी केसाएवढा तडा गेलेला असतो. त्या तड्याच्या टोकाशी ताण एकवटतो. मग रोजचाच भार तो तडा थोडा थोडा वाढवत नेतो. तडा जितका मोठा, तितकं त्याला आणखी वाढायला कमी लागतं.

मॅक्बेथचं असंच होतं. पहिल्या गुन्ह्याआधी त्याच्यावर दोन बाजूंनी जोर असतो. एकीकडे सिंहासनाचा मोह, दुसरीकडे आपण कोण आहोत याची जाणीव. पहिला खून झाला की दुसरी बाजूच खचते. मी असं करणारा माणूस नाही, हे वाक्य त्याला स्वतःला पुन्हा म्हणता येत नाही. त्यात भीतीची भर पडते. जे मिळालं ते चोरलेलं आहे, हे त्याला माहीत असतं. त्यामुळे बघेल तो चोर पकडायला आलाय, असंच त्याला वाटतं.

बँकोच्या खुनानंतर तो बायकोला जे सांगतो, त्याचा आशय असा: रक्तात इतका आत आलोय, की मागे फिरणं पुढे जाण्याइतकंच कठीण आहे. हा हिशेब ऐकायला व्यवहारी वाटतो. प्रत्यक्षात तिथेच त्याची फसगत आहे. मागे फिरला असता, तर निदान मॅक्डफची मुलं वाचली असती. आता खूप उशीर झाला, ही समजूत त्याला पुढच्या गुन्ह्यासाठी सवलत देते.

लेडी मॅक्बेथचं उलटं कसं होतं?

आलेखात दोघांच्या सदसद्विवेकाच्या रेषा काढल्या, तर त्या मध्येच एकमेकींना छेदतील. सुरुवातीला ती दगडासारखी कठोर आणि तो डळमळीत. शेवटी तो निर्विकार आणि ती पार कोसळलेली. झोपेत चालत ती हातावरचं न दिसणारं रक्त धूत राहते. तिच्या मृत्यूची बातमी येते तेव्हा मॅक्बेथला नीट शोकही करता येत नाही.

ती मुळातच निर्दय होती, असंही नाटक म्हणत नाही. झोपलेला डंकन माझ्या वडिलांसारखा दिसला नसता, तर मीच त्याला मारलं असतं, असं ती बोलून जाते. म्हणजे माया होती. ती दाबून टाकता येईल, असा तिचा अंदाज होता. तो अंदाज चुकला. दाबलेली गोष्ट काही महिन्यांनी झोपेतून वर आली.

मुकुट मिळाल्यावर दोघांपैकी कुणीच सुखाने झोपलेलं दिसत नाही. एका क्षणी तर मॅक्बेथला मेलेल्या डंकनचाच हेवा वाटतो. तो निदान शांत झोपलाय ना!

खरा मॅक्बेथ असाच होता का?

नाही. मॅक्बेथ नावाचा राजा स्कॉटलंडमध्ये खरोखर होऊन गेला. त्याने १०४० ते १०५७ अशी सतरा वर्षं राज्य केलं. डंकन अंथरुणात नाही, तर लढाईत मारला गेला. शेक्सपिअरने हॉलिन्शेडच्या बखरीतून कथानक घेतलं आणि हवे तसे बदल केले. त्या काळी इंग्लंडच्या गादीवर असलेला पहिला जेम्स स्वतःला बँकोचा वंशज मानत असे. नाटकातला बँको खुनात सामील नाही, यामागे हेही एक कारण सांगितलं जातं.

कुरोसावांनी यात काय नवीन आणलं?

१९५७ च्या ‘थ्रोन ऑफ ब्लड’मध्ये मॅक्बेथ झालाय जपानी सरदार वाशिझु. ही भूमिका तोशिरो मिफुने यांची. तीन चेटकिणींच्या जागी जंगलात चरखा फिरवत बसलेलं एकच भूत आहे. वाशिझुची बायको असाजी जवळपास हलतच नाही. जपानच्या ‘नो’ नाट्यपरंपरेतल्या मुखवट्यासारखा तिचा चेहरा आहे.

ती नवऱ्याला फक्त डिवचत नाही, मुद्देसूद युक्तिवाद करते. आपल्या मालकाने तरी गादी कशी मिळवली? आधीच्या मालकाला मारूनच. तुझा मित्र मालकाला भाकिताबद्दल सांगेल, मग मालक तुला सोडेल का? म्हणजे आधी तू हात उचललास तर तो बचावच झाला!

महत्त्वाकांक्षा इथे स्वसंरक्षणाचे कपडे घालून येते. सगळेच असं करतात, मी नाही केलं तर माझाच बळी जाईल, हे शब्द आपण किती ठिकाणी ऐकतो? शेवटी वाशिझुला शत्रू मारत नाही. त्याचेच सैनिक त्याच्यावर बाणांचा वर्षाव करतात. विश्वासघाताने मिळवलेल्या गादीभोवती विश्वासाची माणसं उरत नाहीत, हे त्या दृश्यात एकही संवाद न लागता कळतं.

‘मक्बूल’मध्ये परतीचा रस्ता दिसतो?

२००३ च्या ‘मक्बूल’मध्ये राजा आहे मुंबईच्या गुन्हेगारी जगाचा म्होरक्या अब्बाजी (पंकज कपूर). मक्बूल (इरफान खान) त्याचा उजवा हात, जवळजवळ मुलासारखा. निम्मी (तब्बू) अब्बाजीची रखेल आहे आणि मक्बूलचं तिच्यावर प्रेम आहे. त्यामुळे इथे गादीचा हव्यास आणि प्रेम यांचा गुंता होतो. आपण हे सत्तेसाठी करतोय की निम्मीसाठी, हे मक्बूलला स्वतःलाही सांगता येणार नाही.

चेटकिणींच्या जागी आहेत दोन पोलीस इन्स्पेक्टर, पंडित आणि पुरोहित. ओम पुरी आणि नसीरुद्दीन शाह. ते कुंडली मांडून भविष्य सांगतात आणि ते भविष्य खरं व्हावं म्हणून हातभारही लावतात. एकाच टोळीची ताकद फार वाढू नये, यात त्यांना रस आहे. महत्त्वाकांक्षी माणसाला वाटतं, खेळ मी खेळतोय. बाजूला उभं राहून दोन्हीकडून फायदा पाहणारे त्याला दिसत नाहीत.

सर्वांत मोठा बदल शेवटी आहे. सगळं गमावलेला मक्बूल हॉस्पिटलमध्ये पोहोचतो. ज्यांच्या वडिलांना त्याने संपवलं, ती अब्बाजीची मुलगी आणि काकाचा मुलगा निम्मीच्या बाळाला मायेने जवळ घेताना त्याला दिसतात. तो हत्यार टाकतो आणि बाहेर पडतो. बाहेर त्याला गोळी लागते. मॅक्बेथ शेवटपर्यंत तलवार चालवत मरतो. मक्बूल मरण्याआधी थांबतो. त्याला जीव वाचवता येत नाही, पण पुढचा खून न करणं त्याच्या हातात उरलेलं असतं आणि तेवढं तो करतो.

मग ‘घाशीराम’ वेगळा कसा?

विजय तेंडुलकरांचं ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये पुण्यात रंगमंचावर आलं आणि मोठा वाद झाला. ते ‘मॅक्बेथ’चं रूपांतर नाही. पण घसरणीचा हाच प्रश्न ते दुसऱ्या टोकाने विचारतं.

कनोजहून पेशव्यांच्या पुण्यात आलेला घाशीराम सुरुवातीला मॅक्बेथसारखा मोठा माणूस नाही. तो अपमानित आहे. त्याच्यावर चोरीचा आळ येतो, मार बसतो, त्याला शहराबाहेर काढलं जातं. तो सूड घ्यायची शपथ घेतो. नाना फडणवीसाची नजर आपल्या मुलीवर, गौरीवर आहे, हे ओळखून तो तिच्या बदल्यात कोतवाली मिळवतो. त्याचा पहिला गुन्हा हाच. पुढचे अत्याचार त्याच सौद्यातून येतात. मुलगी मेल्यावर तो थांबत नाही, उलट अधिक क्रूर होतो. कारण थांबला, तर मुलगी कशासाठी घालवली, या प्रश्नाला त्याच्याकडे उत्तर नाही.

इथेही पुढचा प्रत्येक गुन्हा पहिल्याला अर्थ मिळवून देण्यासाठी होतो. पण तेंडुलकर आणखी एक माणूस दाखवतात, तो म्हणजे नाना. घाशीरामला कोतवाल करताना नानाचं गणित पक्कं असतं. करायचं ते आपण करावं, शिव्या घाशीरामने खाव्यात. लोक खवळतात तेव्हा तोच नाना घाशीरामला जमावाच्या हवाली करतो. घाशीराम मरतो, नाना तिथेच राहतो.

म्हणून फक्त ‘महत्त्वाकांक्षेने माणूस बिघडला’ एवढं म्हणून विषय संपवता येत नाही. त्या महत्त्वाकांक्षेचा वापर कुणी केला, हेही विचारावं लागतं.

याला शोकांतिका का म्हणायचं? हे तर व्हिलन आहेत!

ग्रीक विचारवंत अ‍ॅरिस्टॉटलच्या मते शोकांतिकेचा नायक पूर्ण सज्जन नसावा आणि पूर्ण दुर्जनही नसावा. सज्जनाचा नाश पाहून आपल्याला फक्त धक्का बसतो. दुर्जनाचा झाला, तर बरं झालं असं वाटतं. मधला माणूस, जो आपल्या चुकीमुळे कोसळतो, त्याच्याबद्दल मात्र कीव आणि भीती दोन्ही वाटतात. भीती यासाठी, की तो आपल्यासारखा असतो.

मॅक्बेथला चूक-बरोबर कळत नव्हतं, असं नाही. नाटकात ते त्याच्याइतकं नेमकं कुणीच मांडत नाही. समजत असूनही तो पुढे गेला. वेदना आहे ती तिथे.

आपल्या रोजच्या जगण्याशी याचा काय संबंध?

आपल्यापैकी कुणाच्या वाटेत राजा झोपलेला नसतो. पण पहिल्या पायरीची ओळख बहुतेकांना असते.

मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला असताना एका प्रॅक्टिकलचा ग्राफ सरळ येत नव्हता. सबमिशन दुसऱ्या दिवशी होतं. सीनियरने सांगितलं, “अरे, दोन रीडिंग बदल, कोण बघतंय?” ती दोन रीडिंग बदलायला मला अर्धा तास लागला. खोडायचो, परत लिहायचो. जर्नलवर सही मिळाली. पुढच्या सेमिस्टरला एका प्रॅक्टिकलची सगळी रीडिंग मी कँटीनमध्ये बसून लिहिली. चहा संपायच्या आत. त्या वेळी काहीच वाटलं नाही, हे मला आज जास्त खटकतं.

यातून कुणी मेलं नाही, हे खरं. पण ‘मॅक्बेथ’ वाचताना मला खुनाच्या रात्रीपेक्षा तो अर्धा तास आणि तो चहा आठवला.

थांबायचं कुठे, याचं उत्तर या गोष्टींमध्ये आहे का?

काही प्रमाणात आहे. या तिन्ही पात्रांना थांबायची संधी पहिल्या गुन्ह्याआधी मिळते, तशी नंतरही मिळते. मॅक्बेथला पहारेकऱ्यांच्या वेळी, बँकोच्या वेळी, मॅक्डफच्या कुटुंबाच्या वेळी. घाशीरामला मुलगी गेल्यावर. मक्बूलला अगदी शेवटी. फक्त मक्बूल ती संधी घेतो, आणि तीही फार उशिरा.

त्यामुळे पहिली चूक झाली म्हणजे सगळं संपलं, असं या गोष्टी सांगत नाहीत. पहिली चूक लपवायला दुसरी करावीशी वाटते, तेव्हा घसरण सुरू होते. त्या वेळी मनात येणारी दोन वाक्यं ओळखता आली तरी पुष्कळ झालं: ‘सगळेच करतात’ आणि ‘आता मागे फिरून काय उपयोग?’

पहिलं वाक्य असाजीचं आहे, दुसरं मॅक्बेथचं. पुढे दोघांचं काय झालं, ते आपल्याला माहीत आहे.